जहाज बंदरातून निघता निघताच फसलं तर काय करायचं: आपल्या गावाकडच्या लोकांसाठी

परवा आमच्या मोठ्या आईचा फोन आला. गावातल्या बचत गटाच्या अकरा बाया आणि चार-पाच रिटायर मास्तर मंडळी, धानाचे पैसे हाती आले की मुंबई-गोवा क्रूझला जाऊन राहिले, बुकिंग पण झालं, अन् आता तिला एकच गोष्ट सतावून राहिली. "काहून रे बापा, थे एवढं मोठं जहाज तिथंच फसलं तं आमी काय करावं? आमाले तं पोहताबी येत नाई."

फोनवर पाच मिनिटात जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, पण मग वाटलं नीट लिहूनच काढावं, कारण हे फक्त तिच्याच कामाचं नाही. मी नऊ वर्षं क्रूझ जहाजांवर डेकवर काम केलं, दोर बांधणं-सोडणं, लाइफबोट खाली उतरवणं, ड्रिलच्या म्हणजे संकटाच्या तालमीच्या वेळी लोकांना रांगेत उभं करणं हेच रोजचं काम होतं. बंदरातून निघताना जहाज गाळात बसलेलं पण एकदा स्वतः पाहिलं आहे. आणि एक गोष्ट आधीच सांगतो, मोठ्या आईनं प्रश्न बरोबर विचारला. सगळे "जहाज बुडलं तर" विचारतात, पण जहाजाच्या तळाला जमीन लागणं हा प्रकार बहुतेक बंदराच्या तोंडाशी, जिथं पाणी कमी असतं तिथं होतो, आणि त्यात काय करायचं हे माहीत असलं तर जीव घाबरा करायचं काही कारण राहत नाही.

आधी फसणं म्हणजे काय ते समजून घ्या

लहानपणी मी आबाजीसोबत डोंग्यानं वैनगंगेच्या त्या अंगाला जात होतो. नदीतली रेती दरवर्षी पुरानं जागा बदलते, मागच्या उन्हाळ्यात जिथं छातीभर पाणी होतं तिथं या वर्षी रेतीचं बेट. एकदा काठ सोडून वीसेक हात गेलो असू अन् पायाखालून खर्रर्र असा आवाज आला, आवाज कानाला कमी अन् तळपायालाच जास्त कळला, अन् डोंगा थांबला. डोंग्यात सात जण, एका बाईच्या मांडीवर लेकरू, दोन पोते कोंडा. आबाजीनं बांबू आडवा धरला अन् एवढंच म्हणला, "बसा. कोणी हालू नका." मग पहिलं काम काय केलं तर खाली वाकून फळ्यांच्या सांध्यावरून हात फिरवला, पाणी आत येऊन राहिलं का ते पाहायला. मग बांबूनं चारही बाजूनं पाणी मोजलं, पुढं वीतभर, डाव्या हाताला गुडघाभर, मागं कमरेच्या वर. म्हणजे मागं खोल आहे हे कळलं. मग त्यानं पुढच्या माणसांना एकेक करून मागं सरकवलं, पोते मागं घेतले, पुढचं टोक हलकं झालं, उचललं, अन् मग कुठं बांबू टेकवून सावकाश मागं रेटलं. सगळं मिळून अर्धा तास गेला असल. त्यात एकाही माणसानं घाई करून उडी मारली असती तर डोंगा आडवा झाला असता.

बंडी चिखलात फसली तर शहाणा कास्तकार आधी बैलाला चाबूक मारत नाही, आधी खाली उतरून चाक पाहतो, वजन उतरवतो. हे आपल्याला शिकवायची गरज नाही. तर मोठ्या जहाजावर कॅप्टन पण अगदी हेच करतो, फक्त बांबूच्या जागी यंत्रं असतात. इंजिन थांबवतो, जहाजात खाली जेवढ्या टाक्या अन् कप्पे आहेत त्या सगळ्यांत पाणी शिरलं का ते तपासायला लावतो, कप्प्यांमधले पाणबंद दरवाजे लावून घेतो, जहाजाच्या भोवती किती खोल आहे ते मोजून घेतो, बंदराच्या ऑफिसला वायरलेसवर कळवतो, टग म्हणजे ढकलायच्या-ओढायच्या ताकदवान बोटी बोलावतो, अन् जहाजातलं वजनासाठी भरलेलं पाणी एका टाकीतून दुसरीत घेतो जेणेकरून अडकलेलं टोक हलकं होईल. आणि मग भरतीची वाट पाहतो.

तुम्हाला वरून एवढंच दिसेल की जहाज उभं आहे अन् कोणी काही करून नाही राहिलं. तसं नसतं. खाली लय धावपळ चालू असते. लगेच मागं का घेत नाहीत असं ओरडू नका, तळाला भोक पडलं असलं अन् तसंच खेचून काढलं तर ते भोक मोकळं होऊन पाणी भसाभस आत येऊ शकते. तपासल्याशिवाय हलवायचं नसते.

निघतानाच काहून फसते?

मोठ्या क्रूझ जहाजाचा पाण्याखालचा भाग आठ-नऊ मीटर असतो, म्हणजे आपल्या विहिरीएवढा समजा. समुद्रात त्याला काही प्रॉब्लेम नाही, पण बंदरात आत-बाहेर जायला एक खोदून ठेवलेला रस्ताच असतो, त्याला चॅनल म्हणतात, अन् त्याच्या बाजूला पाणी उथळ. मुंबई बंदराचा तळ गाळाचा आहे, गाळ येतच राहतो अन् तो उपसावाच लागतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूला लाल अन् हिरवे तरंगते बोये लावलेले असतात. आपल्याकडं बंदरातून बाहेर निघताना लाल उजव्या हाताला अन् हिरवे डाव्या हाताला राहतात, पोट्ट्यांना दाखवा, त्यांना मजा येते.

आता ह्या अरुंद रस्त्यात जहाज हळू चालवावं लागते, अन् हळू चालणाऱ्या जहाजावर सुकाणूचा जोर कमी चालतो. वरून दहा-बारा मजल्याची भिंत, तिला वारा लागला की ते शिडासारखं एका बाजूला ढकललं जाते. हे नुसतं पुस्तकी नाही. १४ मार्च २०२२ ला नॉर्वेजियन एस्केप नावाचं जहाज डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाता बंदरातून निघून राहिलं होतं, वारा जोराचा, अन् चॅनलच्या तळाला लागून बसलं. हजारो लोक वर. दुसऱ्या दिवशी भरतीला टगांनी काढलं. त्याच्या आधी मे २०१५ मध्ये नॉर्वेजियन डॉन बर्म्युडातून निघताना प्रवाळाच्या खडकावर चढलं, तिथं वारा कारण नव्हता, सुकाणूच्या यंत्रणेत थोडा वेळ बिघाड आला होता, तेवढ्यात रस्ता सुटला. तेही त्याच रात्री भरतीच्या पाण्यानं सुटलं.

बरं, हळू जाणं धोक्याचं तर जोरात जावं का? नाही. उथळ पाण्यात जहाज वेगात गेलं की ते आणखी खाली बसते, त्याच्या पोटाखालून पाणी जोरात निघून जाते अन् जहाज खाली ओढलं जाते. ऑगस्ट १९९२ मध्ये क्वीन एलिझाबेथ २ हे नावाजलेलं जहाज अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्याजवळ खडकाला घासलं त्यात हे एक कारण होतं, आणि नकाशावरची तिथली खोली १९३९ च्या मोजणीची होती हे दुसरं.

म्हणून प्रत्येक बंदरात पायलट असतो. विमानाचा नाही, बंदराचा. तो त्या बंदराचा जाणकार, जसा आमचा आबाजी वैनगंगेचा, तो निघताना कॅप्टनच्या बाजूला उभा राहतो अन् बाहेर आल्यावर दोराच्या शिडीनं एका छोट्या बोटीत उतरून परत जातो. डेकवर उभे असाल तर ही बोट बाजूला येताना दिसेल. पायलट उतरला म्हणजे अरुंद रस्ता मागं पडला असं समजायचं.

घरून निघायच्या आधी

ह्यात जास्त काही नाही पण जे आहे ते करा. एक छोटी पिशवी वेगळी ठेवा, गळ्यात अडकवता येईल अशी. त्यात बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवसाच्या, चष्मा, आधार कार्ड, बोर्डिंग पास, मोबाइल, पावर बँक, अन् एका कागदावर घरच्यांचे नंबर पेननं लिहिलेले, कारण मोबाइल बंद पडला की आपल्याला स्वतःच्या लेकाचा नंबर पण पाठ नसतो. आपल्याकडं भंडारा, गोंदिया, गडचिरोली भागात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे पेशंट लय आहेत, कोणाला असल तर जहाजावर चढताना तिथल्या डॉक्टरला सांगून ठेवा अन् पाण्याची बाटली कायम सोबत ठेवा. जहाज फसलं अन् एसी बंद पडला तर गर्दीत दोन-तीन तास बसायचं काम पडते, तहान मारून बसलं तर त्या माणसाला दुखणं उमळते.

कपड्याचं. बायांनी निघायच्या वेळी अन् रात्री झोपताना सलवार-कुर्ता घातला तर लय बरं. ज्या लुगडंच नेसतात त्यांनी काष्टा घट्ट मारून ठेवावा, गोल साडी असल तर वर खोचून गाठ मारता येईल अशी नेसावी. लाइफबोटीत चढताना जहाज अन् बोट यांच्यामध्ये फट असते, पदर किंवा निऱ्या पायात आल्या की माणूस तिथंच अडखळते. मी स्वतः दोन म्हाताऱ्यांना ड्रिलमध्ये असं पडताना धरलं आहे. अन् चपलेच्या ऐवजी मागून पट्टा असलेली सँडल किंवा बूट.

ड्रिल. हे सगळ्यात महत्त्वाचं, हे नीट वाचा

जहाज सुटायच्या आधी, किंवा सुटल्या सुटल्या लगेच, प्रवाशांना सेफ्टी ड्रिल करायला लावतात. लोक काय करतात तर त्या वेळेला जेवणाच्या रांगेत जातात, किंवा डेकवर सेल्फी काढत बसतात. आपल्या गावचे लोक असं नाही करणार ही माझी विनंती आहे.

काहून ते सांगतो. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं जहाज इटलीच्या चिवितावेकिया बंदरातून संध्याकाळी निघालं, वर ४२०० च्या वर माणसं. रात्री पावणेदहाच्या सुमारास कॅप्टननं ते जिग्लिओ बेटाच्या लय जवळून नेलं अन् खडकानं डाव्या बाजूला ५० मीटरहून लांब फाडलं. त्याच संध्याकाळी शेकडो लोक नवीन चढले होते, त्यांचं ड्रिल दुसऱ्या दिवशी होतं! तेव्हाच्या नियमात २४ तासाची सूट होती. लाइट गेली, लोकांना सांगितलं की इलेक्ट्रिकचा बिघाड आहे, काहींना तर खोलीत परत जा म्हणले. जहाज सोडायचा हुकूम व्हायला तासाच्या वर वेळ गेला, तोवर जहाज कलत गेलं अन् एका बाजूच्या लाइफबोटी धड खाली सोडता येईनात. ३२ जण गेले. त्यात एक आपल्या मुंबईकडचा वेटर होता, त्याचं शव सगळ्यात शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये सापडलं. जहाजावर आम्ही पोरं त्याची गोष्ट एकमेकांना हळू आवाजात सांगत होतो, कारण आमच्यातलाच होता तो.

त्याच्यानंतर जगभरचा नियम बदलला, १ जानेवारी २०१५ पासून ड्रिल निघायच्या आधी किंवा निघाल्या निघाल्या झालंच पाहिजे. म्हणजे ह्या ड्रिलची किंमत माणसांनी दिली आहे. तिथं अर्धा तास देणं काही जास्त नाही.

आता बऱ्याच जहाजांवर व्हिडिओ मोबाइलवर किंवा खोलीतल्या टीव्हीवर पाहायचा अन् मग आपल्या जागेवर जाऊन हजेरी लावायची असं असते. हजेरी लावली म्हणजे झालं असं करू नका. तुमच्या कार्डावर अन् खोलीच्या दारामागं एक अक्षर-नंबर असते, ते तुमचं मस्टर स्टेशन, म्हणजे संकटात जमायची जागा. खोलीपासून त्या जागेपर्यंत दोनदा चालून पाहा, लिफ्टनं नाही, जिन्यानं. किती दरवाजे लागतात ते मोजा. आम्ही नवीन पोरांना डोळे मिटून भिंतीला हात लावून चालायला लावत होतो, तुम्हाला तेवढं नाही जमलं तरी "दारातून उजवीकडं, नऊ दरवाजे, मग जिना, तीन मजले खाली" एवढं तोंडपाठ झालं पाहिजे, पाढ्यासारखं पाठ. अंधारात हेच कामी येते.

लाइफ जॅकेट खोलीत असते किंवा मस्टर स्टेशनवर देतात, ते विचारून घ्या. लेकरांचं वेगळं असते, मोठ्याचं जॅकेट लेकराला घातलं तर ते वरून निसटते, म्हणून पहिल्याच दिवशी खोली साफ करणाऱ्या पोराकडून मागून घ्या. तो बऱ्याचदा आपल्यासारख्याच गावचा असतो, प्रेमानं मागा, देते.

फसल्यावरचा पहिला तास

आता समजा झालंच. कसं कळेल? आमच्या वेळी काय झालं ते सांगतो. बंदर सोडून पंधरा-वीस मिनिटं झाली होती, दोर आवरून मी मागच्या डेकवर उभा. एकदम मोठा दणका वगैरे काही नाही, फक्त जहाज लांबलचक थरथरलं, अन् पायाखाली तोच आवाज, तोच डोंग्याचा खर्रर्र, चौदा मजल्याच्या जहाजातून तळपायाला जसाच्या तसा कळला. मागं पाहिलं तर पंख्यानं उसळलेलं पाणी निळं नव्हतं, धानाच्या बांधीत चिखलणी केल्यावर असते तसं मातकट. मी वॉकीटॉकीवर सांगायच्या आधीच वरून इंजिन थांबवलं होतं. मग दहाएक मिनिटात एसीचा घूं आवाज बंद झाला, अन् तेव्हा लोक घाबरले. थरथरीला नाही घाबरले, शांततेला घाबरले. जनरेटर थंड ठेवायला समुद्राचं पाणी तळातून ओढावं लागते, तळ गाळात गेला की पाण्यासोबत गाळ येतो म्हणून मशिनं बंद करावी लागतात. इमर्जन्सी जनरेटर वेगळा असतो, वरच्या मजल्यावर, तो चालू होतो अन् कमी लाइट राहतात. म्हणजे लाइट गेली याचा अर्थ जहाज बुडून राहिलं असा नाही. पण अंधार झाला तर पुढची तयारी चालू करायची, वाट पाहत नाही बसायचं.

तर पहिलं, जिथं आहात तिथं कशाला तरी धरा अन् अर्धा मिनिट थांबा. उभे असाल तर कठड्याला धरा, जेवणाच्या हॉलमध्ये असाल तर काचेच्या अन् गरम भांड्याच्या काउंटरपासून बाजूला व्हा. जहाज कलून राहिलं का ते पाहायला टेबलावरचा चहाचा कप पाहा, चहाची पातळी कपाच्या काठाशी तिरपी दिसली तर जहाज कललं. आमच्या वेळी मी पाहिलं तेव्हा बोटाच्या पेरभर तिरपी होती, अन् पुढचे चार तास तेवढीच राहिली.

दुसरं, पिशवी गळ्यात, पायात बूट, अंगावर जाडसर कपडा. खोली जवळ असल तर. खोली लांब असल तर जाऊ नका. दागिने, सूटकेस, गोव्यात घेतलेले काजू, काहीही असो. लोक उलट्या दिशेनं जायला लागले की जिन्यात कोंडी होते अन् ती कोंडीच माणसं चेंगरते.

तिसरं, कान. सात छोटे भोंगे अन् एक लांब, हा सिग्नल. तो वाजला की सगळ्यांनी आपापल्या मस्टर स्टेशनवर जायचं, एवढाच त्याचा अर्थ. जहाज सोडा असा अर्थ नाही, तो हुकूम कॅप्टन वेगळा देतो. भोंगा नाही वाजला, नुसती सूचना आली की "शांत रहा, खोलीत थांबा", तर ऐका, पण तयार होऊन ऐका. अन् जहाज दिसण्यासारखं कलत असल, पाण्याचा आवाज येत असल, किंवा धूर असल, तर खालच्या मजल्यावर बसून राहू नका, जिन्यानं मस्टर स्टेशनकडं निघा. तिथं लवकर पोचल्याबद्दल तुम्हाला कोणी रागावणार नाही.

लिफ्ट बिलकुल नाही. वाटेत जाड दरवाजे आपोआप बंद झालेले दिसतील, ते आग-धुरासाठी असतात, त्यांना कुलूप नसते, ढकलले की उघडतात. त्यांच्यासमोर उभं राहून "कोंडलं आम्हाला" असं ओरडणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून सांगून राहिलो.

आणि बिडी-सिगारेट पेटवू नका. तळ फाटला असल तर तेल कुठं पसरलं ते आपल्याला वरून कळत नाही.

एक गोष्ट आपल्या लोकांना खास सांगावी लागते. काय झालं पाहायला सगळे एका बाजूच्या कठड्याला जमा होऊ नका. एवढ्या मोठ्या जहाजाला तीन-चारशे माणसांनी तसा फरक पडत नाही, पण पाण्यावर जायची ती सवयच वाईट, अन् पुढं तुम्हाला लाइफबोटीत किंवा किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या बोटीत बसवतील तिथं ती सवय जीवावर येते. १४ सप्टेंबर २०२१ ला वरुड तालुक्यात वर्धा नदीत एक नाव उलटली अन् ११ जण गेले. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शीकडं वैनगंगा ओलांडून मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव उलटली, सहा जणी गेल्या. आपल्याला छोट्या नावेचा धोका घरचा माहीत आहे. मग छोट्या बोटीत बसलं की बसायचं, उठायचं नाही, आबाजी म्हणला तसं.

वाट पाहणं

बहुतेक वेळा पुढं काय होते तर नुसती वाट. समुद्राला साधारण सहा तास चढ अन् सहा तास उतार, दिवसातून दोनदा. जहाज जर ओहोटीत फसलं तर पाणी आणखी उतरणार, जहाज थोडं आणखी कलू शकते, मग पाणी परत चढायला लागणार. म्हणून बारा तास पण लागू शकतात, अन् लोकांना वाटते आपल्याला विसरले. कोणीही कर्मचारी दिसला तर त्याला एकच विचारा, "भरती किती वाजता?" ती वेळ कळली की मन स्थिर होते, पोटात भीती कमी होते.

पुनव-आवसेला भरती सगळ्यात मोठी. तुम्हाला आठवत असल, २३ मार्च २०२१ ला सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन नावाचं ४०० मीटर लांबीचं मालजहाज आडवं फसलं होतं, टीव्हीवर रोज दाखवत होते. त्यावरचे २५ च्या २५ खलाशी भारतीय. सहा दिवस वाळू उपसली, टग लावले, अन् शेवटी निघालं कधी तर २९ मार्चला, आपल्याकडं होळीची पुनव झाली अन् धुळवड होती तेव्हा. पुनवेच्या मोठ्या पाण्यानं हात दिला.

तोवर तुम्ही बसा, पाणी प्या, लेकरांना मांडीवर घ्या, म्हाताऱ्या माणसांचे पाय सरळ करा. किनारा जवळ असल्यामुळं मोबाइलला रेंज राहते, अन् तिथंच घोळ होतो. कोणीतरी गावच्या ग्रुपवर "जहाज डुबून राहिलं" टाकते अन् इकडं घरच्यांचा बीपी वाढते. एका माणसानं, ग्रुपमधल्या समजदार माणसानं, एक मेसेज टाकायचा: आम्ही सगळे किती जण, कुठं आहोत, ठीक आहोत, पुढचा मेसेज एवढ्या वाजता. बाकीच्यांनी मोबाइल खिशात ठेवायचा, बॅटरी वाचवायची. कोस्ट गार्डचा नंबर १५५४ आहे, तो कागदावर लिहून ठेवा, पण कॅप्टननं त्यांना अन् बंदराला वायरलेसवर आधीच कळवलेलं असते, तुम्ही दोनशे जणांनी मिळून तिथं फोन लावायची गरज नाही.

जहाज सोडायचा हुकूम आलाच तर

लाइफ जॅकेट कपड्याच्या वरून घाला, पट्टे ओढून घट्ट, त्याला शिट्टी अन् छोटा लाइट असतो तो कुठं आहे ते हातानं चाचपून घ्या. लाइफबोटी अन् तराफे मिळून सगळ्यांना पुरून उरेल एवढी जागा असते, म्हणून ढकलाढकली नको. कर्मचारी जिथं बसवते तिथं बसा, एकदम चिटकून बसावं लागते, गावच्या काळीपिवळीत बसतो तसंच. लेकरू आधी आत द्या, मग तुम्ही. बोट खाली जाताना हात-बोटं काठाच्या बाहेर ठेवू नका, जहाजाच्या भिंतीला घासून चेंदामेंदा होतो.

उंचावरून पाण्यात उडी ही शेवटची गोष्ट, सांगितल्याशिवाय बिलकुल नाही. जॅकेट घालून उंचावरून उडी मारली तर पाण्यात पडताच जॅकेट वर उसळते अन् मानेला झटका बसते. मारावीच लागली तर एका हातानं नाक धरा, दुसरा हात त्यावरून आडवा घेऊन जॅकेट छातीशी खाली दाबून धरा, पाय जोडलेले, नजर समोर. पोहता येत नसलं तरी जॅकेट तरंगवते, हातपाय मारून दमू नका.

ज्यांचे पोरं जहाजावर कामाला आहेत त्यांच्यासाठी

आपल्या भागातून आता बरेच पोट्टे जहाजावर जाऊन राहिले. आई-बापांनो, पोराचा पासपोर्ट अन् सीडीसी म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकाची झेरॉक्स, जहाजाचं नाव, कंपनीचं नाव अन् ज्या एजंटमार्फत गेला त्याचा आरपीएसएल म्हणजे खलाशी भरतीच्या सरकारी परवान्याचा नंबर अन् फोन, हे सगळं एका कागदावर लिहून देवघराजवळ चिकटवून ठेवा. टीव्हीवर जहाज फसल्याची बातमी आली की आधी जहाजाचं नाव जुळते का पाहा. जुळलं तर एजंटच्या ऑफिसला फोन, पोराला नाही. पोराच्या हातात त्या वेळी दोर असतो किंवा कोणाचं लेकरू असते, तो फोन उचलू शकत नाही. आमचं जहाज फसलं त्या दिवशी मायचे एकोणीस मिसकॉल होते, मी नऊ तासानंतर पाहिले, अन् तेवढा वेळ ती अंगणात खाटेवर फोन हातात धरून बसून होती. तेव्हा घरी असा कागद नव्हता. आता आहे.

सुटल्यानंतर

जहाज गाळातून निघालं म्हणजे लगेच गोव्याला गेलं असं नसते. पाणबुडे खाली जाऊन तळ पाहतात, तपासणी करणारे लोक येतात, ते हो म्हणल्याशिवाय निघता येत नाही. पुएर्तो प्लाताच्या जहाजाची ती सफर रद्दच झाली होती. तेव्हा परतीच्या गाडीचं तिकीट काढताना मधात एक दिवस मोकळा ठेवा, मुंबईहून नागपूरकडं ऐनवेळी कन्फर्म तिकीट भेटत नाही हे आपल्याला माहीतच आहे.

पैशाचं बोलणं जहाजावरच सुरू करू नका पण कागद सगळे जमा करा. तिकीट, बिल, कंपनीचा प्रत्येक मेसेज, सूचना किती वाजता झाली ते एका वहीत. काही लागलं-खुपलं असल तर जहाजाच्या दवाखान्यात दाखवून चिठ्ठी घ्याच, घरी आल्यावर सांगून काही होत नाही. कंपनी पहिल्यांदा पुढच्या सफरीचं कूपन देते, नगद पाहिजे असल तर सही करायच्या आधी वाचा, इंग्रजी समजत नसल तर पोराला फोटो पाठवा. ऐकलंच नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मोठ्या आईच्या ग्रुपसाठी: रविवारी सकाळी ९ वाजता समाजमंदिरात या. माझ्याकडं एक जुनं लाइफ जॅकेट आहे, सोळाच्या सोळा जणांनी एकेकदा घालून पट्टे बांधून पाहायचे, अन् बायांनी प्रवासात जे नेसणार तेच नेसून यायचं.